गाडी तेल खातेय? आधी पट्टी बघा, मग इंजिन खोला!

'सार्, इंजिन वर्क माडबेकु!'

व्हाइटफील्डच्या गॅरेजात हे वाक्य कानावर पडलं, की कन्नड न येणाऱ्या मराठी माणसालाही भाषांतर लागत नाही. इंजिनाचं काम करावं लागणार, एवढं त्याला लगेच कळतं आणि पाठोपाठ खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे नाचू लागतो. कारण काय? तर सर्व्हिसिंगला अजून तीन-चार महिने बाकी असताना बॉनेट उघडून पट्टी काढली आणि तेल पार तळाला गेलेलं दिसलं. गाडी पळते झकास, अॅव्हरेज ठीक आहे, आवाजही नाही. मग तीन-साडेतीन लिटर तेलातलं अर्धं गेलं कुठे?

गाडीने तेल खायला सुरुवात केली, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'वरून ओतत राहा, चालतंय तोवर चालवा.' दुसरा म्हणतो, 'एकदाच काय ते इंजिन खोलून टाका.' पहिल्या पक्षाचं ऐकलं तर एखाद्या दिवशी भर हायवेवर इंजिन जाम होतं. दुसऱ्याचं ऐकलं तर कधीकधी काही शेकड्यांचा बिघाड असताना पन्नास हजारांचं, क्वचित लाखाच्या पुढचं बिल येतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

खरी गोष्ट अशी, की तेल कमी होणं हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला म्हणून कुणी रुग्णाला थेट ऑपरेशनच्या टेबलावर घेत नाही. आधी थर्मामीटर, मग रक्ताची तपासणी, मग औषध. गाडीलाही हाच नियम लावायचा. आधी मोजायचं, मग शोधायचं आणि स्वस्त कारणं एकेक करून बाद झाल्यावरच महागड्या कारणाकडे जायचं.

व्हाइटफील्डचा किलोमीटर मोठा असतो!

१८८२ साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन असोसिएशनला जमीन दिली आणि डी. एस. व्हाइट यांच्या नावाने ही टुमदार वस्ती वसली. १९९०च्या दशकात आयटीपीएल उभं राहिलं आणि तिचं रूपच पालटलं. आज मर्सिडीज-बेंझच्या मोटारींवर संशोधन करणारं मोठं केंद्रही इथेच आहे. पण त्याच केंद्रासमोरच्या रस्त्यावर गाड्या मात्र मुंगीच्या पावलांनी सरकतात. होप फार्म, ग्रॅफाइट इंडिया, कुंदलहळ्ळी गेट, वर्तुर कोडी ही नावं ऐकली, की इथल्या माणसाचा पाय आपोआप क्लचवर जातो.

या गर्दीचा तेलाशी संबंध काय? चांगलाच आहे. आपण तेल बदलतो ते किलोमीटर पाहून. पण इंजिन किलोमीटर मोजत नाही, तास मोजतं. साधा हिशेब करून पाहा. ताशी साठच्या सरासरीने दहा हजार किलोमीटर जायला इंजिन सुमारे १६७ तास चालतं. तेच दहा हजार किलोमीटर ताशी पंधराच्या सरासरीने गेलात तर ते चालतं सुमारे ६६७ तास. म्हणजे चौपट! मीटरवर आकडा तोच, पण तेलाने चौपट वेळ उष्णता सोसलेली असते. त्यातून ते जुनं होतं, त्यात काजळी आणि चिकटा साठतो आणि हाच चिकटा पुढे पिस्टनच्या रिंगांमध्ये जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट पेट्रोल गाड्यांची. सिग्नलला पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो तेव्हा इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीत जोरदार पोकळी तयार होते. ही पोकळी जिथून मिळेल तिथून तेल ओढायला बघते. व्हॉल्व्हची रबरी सीलं कडक झाली असतील तर तिथून थेंब थेंब तेल आत जातं. हायवेवर जे दिवसातून दहा वेळा घडतं, ते व्हाइटफील्डच्या मेन रोडवर शंभर वेळा घडतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत फसवी आहे. २०२३ साली मेट्रो व्हाइटफील्डपर्यंत आली आणि अनेक घरांतली गाडी आठवडाभर बेसमेंटमध्ये झोपू लागली. ती निघते फक्त शाळा, भाजी आणि देवळापुरती. दोन-तीन किलोमीटरच्या अशा फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी तेलात उतरतं. तेल एकीकडून कमी होत असतं आणि दुसरीकडून ही भेसळ वाढत असते. पट्टीवरची पातळी मात्र जिथल्या तिथे! मग मे महिन्यात किंवा गणपतीत गाडी पुण्याकडे निघते. तुमकुर, चित्रदुर्ग, हुबळी करत इंजिन तासन् तास तापलेलं राहतं. भेसळ उडून जाते आणि बेळगावला पोचेपर्यंत पट्टी एकदम खाली आलेली दिसते. आपण म्हणतो, 'कालपर्यंत गाडी चांगली होती, एकाएकी काय झालं?' एकाएकी काही झालेलं नसतं. झाकलेलं उघडं पडलेलं असतं, इतकंच.

किती खाल्लं तर 'जास्त'?

थोडं तेल प्रत्येक इंजिन खातं. सिलेंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर असावाच लागतो, नाहीतर पिस्टन घासून जाईल. त्या थरातला अगदी थोडा भाग दर स्फोटाबरोबर जळतो. त्यामुळे दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये पट्टीवर थोडीशी पातळी उतरली तर घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं कधी? प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो आणि तो गाडीच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा छापलेला असतो. काही युरोपीय कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा वापर चालू शकतो असं म्हणतात, तर काही जुन्या पुस्तिकांत एक लिटरपर्यंतची मुभा आढळते. अमेरिकेत टोयोटाच्या २.४ लिटर पेट्रोल इंजिनाबद्दल तक्रारी आल्या तेव्हा कंपनीने १२०० मैलांना एक क्वार्ट अशी कसोटी ठेवली होती. आपल्या भाषेत, साधारण दोन हजार किलोमीटरला एक लिटर. त्या कसोटीत नापास झालेल्या इंजिनांचे पिस्टन आणि रिंगा कंपनीने वाढीव वॉरंटीत बदलून दिल्या. यातून दोन धडे मिळतात. एक, नामांकित कंपनीच्या इंजिनातही हा दोष असू शकतो. दुसरा, तिथेही इंजिन खोलण्याआधी मोजमाप झालं.

घरच्या हिशेबासाठी एक सोपा नियम धरा. चांगल्या स्थितीतली छोटी पेट्रोल गाडी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरून तेल मागत नाही. हजार किलोमीटरला पाव लिटरच्या पुढे वापर गेला तर शोध सुरू करायचा. अर्धा लिटर झाला तर शोध लांबवायचा नाही.

मोजायचं कसं?

याला मेकॅनिक लागत नाही. एक वही, एक फडकं आणि घरातलं औषध मोजायचं किंवा स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं पुरतं. (ते भांडं मग पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही, हे गृहिणींनी आधीच बजावून ठेवावं!)

सकाळी गाडी काढण्यापूर्वी ती सपाट जागी उभी असताना पट्टी काढा. फडक्याने स्वच्छ पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि वाचा. बेसमेंटच्या उतारावर उभ्या असलेल्या गाडीची पट्टी खोटं बोलते. पुस्तिकेत गरम इंजिनावर मोजायला सांगितलं असेल तर इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं तेल खाली चेंबरमध्ये उतरेल. कुठलीही एक पद्धत धरा आणि दर वेळी तीच वापरा. जागाही तीच ठेवा.

आता तेल वरच्या खुणेपर्यंत भरा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. हजार किलोमीटर झाले, की त्याच जागी, त्याच पद्धतीने पट्टी बघा आणि मापाच्या भांड्याने तेल ओतत पुन्हा त्याच खुणेवर आणा. जेवढे मिलिलिटर ओतले, तेवढं गाडीने खाल्लं. समजा ३५० मिलिलिटर लागले. म्हणजे दहा हजार किलोमीटरला साडेतीन लिटर, अनेक छोट्या गाड्यांच्या चेंबरमध्ये मावतं तेवढं सगळं! आता तुमच्या हातात 'तेल कमी होतंय हो' अशी मोघम तक्रार नाही, आकडा आहे. आकडा घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाशी गॅरेजवालाही जपून बोलतो.

हजार किलोमीटर होईपर्यंत दर आठवड्याला पट्टी बघत राहा. पातळी खालच्या खुणेजवळ आली तर परीक्षा पुरी व्हायची वाट बघू नका. मोजून तेल घाला आणि वहीत नोंद करा.

चोर बाहेर की आत?

तेल जायला दोनच वाटा आहेत. एक तर ते बाहेर गळतं किंवा आत जळतं. बाहेरची वाट आधी बघायची, कारण ती बघायला पैसे पडत नाहीत.

रात्री गाडीखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा अंथरा. सकाळी काळे-तपकिरी डाग दिसले तर ते कुठे पडलेत ते पाहा. पुढे डाव्या बाजूला पडलेलं पाणी बहुधा एसीचं असतं, त्याला घाबरू नका. तेलाचा डाग बोटांना चिकट लागतो. गळतीच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत: वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग, तेलाचा फिल्टर, चेंबरखालचा ड्रेन बोल्ट आणि क्रँकच्या दोन्ही टोकांची सीलं. सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर फिल्टर आणि ड्रेन बोल्टवर पहिला संशय घ्यायचा.

पण पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून गळती नाही असं समजू नका. काही गळती फक्त इंजिन चालू असताना, दाबाखाली होते आणि तेल गरम सायलेन्सरवर पडून जळून जातं. गाडी थांबवल्यावर जळकट वास आला तर तोच पुरावा. अशा वेळी इंजिन धुऊन स्वच्छ करायला सांगा आणि शंभर किलोमीटरनंतर लिफ्टवर चढवून टॉर्चने पाहा. धुतलेल्या इंजिनावर ताजं तेल लपत नाही.

गॅरेजात उपयोगी पडतील असे तीन कन्नड शब्द इथेच सांगून ठेवतो. तेलाला ते 'आयिल' म्हणतात, धुराला 'होगे'. आणि 'आयिल सोरुत्तिदे' म्हणजे तेल गळतंय.

धुराची भाषा

गळती नाही, तरीही तेल जातंय? मग ते जळतंय. आता सायलेन्सरकडे बघायचं. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. पांढरा, दाट आणि न थांबणारा धूर म्हणजे रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. (थंडीत सकाळी दिसणारी वाफ वेगळी, ती दोन मिनिटांत जाते.) आणि निळसर धूर म्हणजे तेल.

पण धूर निळा आहे एवढ्यावर थांबू नका. तो केव्हा येतो हे पाहा. खरी गंमत तिथेच आहे.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताच निळा भपकारा आला आणि मग धूर थांबला, तर व्हॉल्व्हची सीलं संशयित. रात्रभरात तेल झिरपून खाली उतरलेलं असतं, ते पहिल्या झटक्यात जळतं.

लांब उतारावर अॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरवर उतरवली आणि खाली येऊन पुन्हा पाय दाबताच निळा धूर आला, तरीही संशय व्हॉल्व्हच्या सीलांवर आणि गाईडवर.

चढावर किंवा ओव्हरटेक करताना, जोर लावला की सतत निळा धूर, तर पिस्टनच्या रिंगा. टर्बोच्या गाडीत त्याच लक्षणाला टर्बोही कारण असू शकतो.

हे बघायला एक माणूस मागच्या गाडीत हवा. घरातला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर व्हिडिओ काढू शकते. तो व्हिडिओ मेकॅनिकला दाखवा.

एक इशारा: धूर दिसत नाही म्हणून तेल जळत नाही असं नव्हे. आजच्या गाड्यांतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर गिळून टाकतो. प्रदूषणाचं प्रमाणपत्र मिळालं हाही पुरावा धरू नका. ती चाचणी तेलाची नसते.

संशयितांची रांग: स्वस्त आधी, महाग शेवटी

पहिला संशयित, आपण स्वतः! तेल वरच्या खुणेच्या वर भरलं गेलं असेल तर फिरणारा क्रँक ते घुसळून काढतो, त्याचा फेस होतो आणि ते हवेच्या नळीतून आत ओढलं जातं. 'थोडं जास्त असलेलं बरं' हा नियम आमटीतल्या पाण्याला लावा, इंजिनाला नको.

दुसरा संशयित, चुकीचं तेल. अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ तेल लागतं, काहींना ५डब्ल्यू-३०. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच वापरायचं. तेल खाते म्हणून मनाने जाड तेल भरलं तर वापर थोडा घटल्यासारखा वाटतो, पण पातळ तेलासाठी बनवलेल्या बारीक वाटांतून ते वेळेवर पोचत नाही. डबा सील तोडून आपल्यासमोर उघडायला सांगा आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाका, म्हणजे त्यात पुन्हा भेसळीचं तेल भरून कुणी विकणार नाही.

तिसरा संशयित, पीसीव्ही व्हॉल्व्ह. नाव अवघड, काम सोपं. सिलेंडरमधला थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो कोंडून राहिला तर दाब वाढेल. म्हणून हा वायू पुन्हा वर ओढून जाळण्यासाठी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जणू इंजिनाचं नाकच. ते चोंदलं तर दाब वाढून तेल सीलांमधून बाहेर पडतं. ते उघडंच अडकलं तर वायूबरोबर तेलही भसाभसा ओढलं जातं. अनेक छोट्या गाड्यांत हा भाग अगदी स्वस्त असतो आणि बदलायला फार वेळ लागत नाही. काही नव्या गाड्यांत तो वरच्या कव्हरमध्येच बसवलेला असतो, तिथे खर्च वाढतो, पण इंजिन कामाच्या मानाने तो काहीच नाही. तेल खाणाऱ्या गाडीचं इंजिन खोलण्याआधी हा व्हॉल्व्ह तपासला का, हा प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

चौथा संशयित, टर्बो. टर्बोच्या आतल्या सीलांतून तेल गळू लागलं, की ते हवेच्या नळ्यांत आणि इंटरकूलरमध्ये साठतं. नळी सोडवून आत बोट फिरवलं तर कळतं. हलका ओलसरपणा चालतो, तेल साचलेलं चालत नाही. डिझेल गाडीत याकडे दुर्लक्ष फार धोक्याचं आहे. साचलेलं तेल इंजिनात ओढलं गेलं तर डिझेलऐवजी त्याच्यावरच इंजिन पळू लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही.

पाचवा, व्हॉल्व्हची सीलं. छोटीशी रबरी टोपणं ती, पण उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून कडक होतात. कित्येक इंजिनांत हुशार मेकॅनिक हेड न उतरवता, सिलेंडरमध्ये हवेचा दाब धरून ती बदलू शकतो. 'हेड उतरवावंच लागेल का?' हा प्रश्न विचारून बघा.

सहावा आणि शेवटचा संशयित, पिस्टनच्या रिंगा. दट्ट्याभोवती बहुधा तीन रिंगा असतात. वरच्या दोन स्फोटाचा दाब धरतात, तिसरी भिंतीवरचं जादा तेल खरवडून खाली पाठवते. या तिसरीच्या बारीक भोकांत काजळी बसली किंवा ती खाचेत चिकटली, की तेल वर राहतं आणि जळतं. झिजलेली रिंग आणि चिकटलेली रिंग यांत फरक आहे, आणि तो फरक हजारो रुपयांचा असू शकतो.

इंजिन उतरवण्याआधीच्या तीन तपासण्या

रिंगांवर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी तीन तपासण्या करून घ्या.

पहिली, स्पार्क प्लग. चारही प्लग काढून ओळीने मांडा. तीन कोरडे तपकिरी आणि एकच काळा, तेलकट असेल तर बिघाड त्या एका सिलेंडरपुरता आहे. मायकोचे प्लग बंगलोरच्या आडुगोडीत बनत, त्या काळापासून जुने मेकॅनिक प्लगचा रंग बघूनच इंजिनाची नाडी ओळखत आले आहेत. ही विद्या अजून जुनी झालेली नाही.

दुसरी, कॉम्प्रेशन टेस्ट. प्लगच्या जागी गेज लावून प्रत्येक सिलेंडरचा दाब मोजतात. एकाचा दाब कमी आला तर त्यात दोन चमचे तेल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर तेलाने रिंगांची फट भरली, म्हणजे रिंगा किंवा सिलेंडर झिजलेत. दाब वाढला नाही तर दोष वर, व्हॉल्व्हकडे. मात्र फक्त तेलाची रिंग खराब असेल तर दाब चांगलाही येऊ शकतो, म्हणून निकाल एकट्या या चाचणीवर ठरवायचा नाही.

तिसरी, बोअरस्कोप. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा सोडून सिलेंडरची भिंत बघता येते. उभे ओरखडे दिसले तर मोठं काम अटळ. भिंत स्वच्छ असून पिस्टनच्या माथ्यावर नुसती काजळी असेल तर चिकटलेल्या रिंगा मोकळ्या करण्याचा प्रयत्न करून बघता येतो. त्यासाठी पिस्टनवर साफ करणारं द्रावण काही तास भिजत ठेवतात, नंतर ते काढून तेल आणि फिल्टर बदलतात. हा उपाय दर वेळी लागू पडतोच असं नाही. पण हजार किलोमीटरनंतर पुन्हा वही उघडली, की तो लागू पडला का हे तुम्हाला कळेल.

'एक बाटली ओता, धूर बंद' असल्या जाहिरातींना मात्र भुलू नका. सीलं मऊ करणारी काही द्रावणं किरकोळ गळती कमी करतात, पण झिजलेली रिंग कुठल्याही बाटलीने पुन्हा जाड होत नाही.

मोठं काम करायचंच झालं तर

सगळे पुरावे रिंगांकडेच बोट दाखवत असतील तर काम टाळू नका, पण डोळे उघडे ठेवून करा. नुसत्या रिंगा बदलायच्या की रीबोअर करायचं, हे सिलेंडर मोजल्यावरच ठरतं. मापं लिहून मागा. भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेघा नीट उठवल्या नाहीत तर नव्या रिंगा बसत नाहीत आणि खर्च करूनही गाडी तेल खातच राहते. हेड उतरवलंच आहे तर व्हॉल्व्हची सीलं त्याच फेरीत बदला, मजुरी वाचते.

सुट्या भागांसाठी बंगलोरचा जे. सी. रोड प्रसिद्ध आहे, आणि पिस्टन-रिंगा बनवणारा गोएत्झेचा मोठा कारखाना याच शहरात येलहंकाला आहे. म्हणजे अस्सल माल मिळत नाही ही सबब इथे चालायची नाही. बिल पक्कं घ्या आणि जुने भाग परत मागा. जुनं तेल गटारात ओतू देऊ नका. इकडची पावसाळी गटारं वर्तुर तलावाकडे जातात, आणि त्या तलावाच्या फेसाने या भागाची आधीच पुरेशी नाचक्की केली आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर हात लावू देऊ नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे तेलाच्या वापराची लेखी चाचणी मागा. ते तेल खुणेपर्यंत भरून झाकणं सील करतात आणि ठराविक अंतरानंतर मोजतात. तुमची वही आणि बिलं सोबत जोडा. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे 'बघू, करू' म्हणत दिवस घालवू नका.

वरून ओतत राहिलं तर काय बिघडतं?

गाडी जुनी असेल, लवकरच विकायची असेल आणि वापर थोडा असेल, तर पट्टी बघून तेल घालत राहणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. पण तो मोजून घेतलेला निर्णय हवा. जळणाऱ्या तेलातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो आणि त्या भागाची किंमत सोसवणारी नसते. प्लग खराब होतात, इंजिन अडखळतं.

आणि त्या लाल किटलीच्या दिव्याबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. तो दिवा तेल 'कमी झालंय' असं सांगत नाही. तो सांगतो, की तेलाचा दाबच गेलाय, आतले धातू कोरडे घासतायत. तो लागल्यावर 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' असं म्हणायचं नसतं. गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. पट्टी बघून तेल घातल्यावरही दिवा विझला नाही तर टो करायची. टोइंगचं बिल इंजिनापेक्षा नेहमीच स्वस्त.

व्हाइटफील्डहून पुणे साधारण साडेआठशे किलोमीटर. जाऊन-येऊन सतराशे. हजाराला अर्धा लिटर खाणारी गाडी या प्रवासात पाऊण लिटरहून जास्त तेल संपवते आणि अनेक गाड्यांत पट्टीच्या दोन खुणांमधलं अंतरच तेवढं, फार तर लिटरभराचं असतं. खंबाटकीच्या घाटात, मागच्या सीटवर आजी आणि नातवंडं असताना, हा हिशेब शिकायची वेळ येऊ नये.

चौकट: लांबच्या प्रवासाआधी

- निघण्यापूर्वी पंधरा दिवस आधी तीस-चाळीस किलोमीटरची एक सलग फेरी मारा, इंजिन नीट तापू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बघा. झाकलेली घट तेव्हाच कळते.
- पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं एक लिटर तेल, फनेल आणि फडकं डिकीत ठेवा.
- जाताना हुबळी किंवा बेळगावच्या मुक्कामी, सपाट जागी, एकदा पट्टी बघा.
- शहरातच फिरणाऱ्या गाडीचं तेल किलोमीटर पुरे झाले नसले तरी पुस्तिकेतल्या महिन्यांच्या मुदतीत बदला.
- जुनी गाडी घेताना ती थंड असतानाच बघायला जा. विकणाऱ्याने आधीच चालू करून तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. पहिल्या स्टार्टचा धूर बघितल्याशिवाय इसार देऊ नका.
- दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पट्टी. दोन मिनिटांचं काम आहे, घरातल्या थोरल्या मुलांनाही शिकवा.